काबाची हाक, सगुणची ओ

डिचोलीच्या वाचनालयात व्याख्यान चालू असताना मध्येच बोलायची रीत नाही. देवकीआजीला ती रीत माहीत होती. तरी ती बोलली.

व्याख्याता प्रज्योत. मूळचा म्हापशाचा, पण पुण्यात शिकून आल्यामुळे बोलताना जरा इस्त्री केलेला. महायुद्धातले हेर आणि सैन्यांची फसवाफसवी यांवर त्याची पुस्तकं निघाली होती आणि बरी खपतही होती. माणूस हुशार, पण "बघा हं" म्हटल्याशिवाय त्याची गाडी गियरात पडत नसे. बघा हं, रबराचे रणगाडे, हवा भरून उभे केलेले. बघा हं, लाकडाच्या तोफा. बघा हं, नदीच्या काठी ट्रक लावले, त्यांवर हे एवढाले लाउडस्पीकर चढवले आणि रणगाड्यांची नुसती घरघर वाजवली. पलीकडच्या फौजेला वाटलं, आलं सगळं सैन्य.

"आमच्याकडे ट्रक नव्हतो," पहिल्या रांगेतून आवाज आला. "मी होतंय."

प्रज्योत थांबला. आजीच्या शेजारी तिची कॉलेजात शिकणारी नात गौरवी बसली होती. तिनं ओढणी तोंडावर घेतली, कारण पुढं काय येणार हे तिला ठाऊक होतं. घरातल्या सगळ्यांना ते पाठ होतं.

देवकीचं माहेर चोपड्याचं, पेडणे महालातलं, आणि घर अगदी तरीवर. तर म्हणजे नदी ओलांडायची जागा. अलीकडे चोपडे, पलीकडे शिवोली, मध्ये शापोरा नदी, आणि माणसं इकडची तिकडे करायला तारी सगुण आणि त्याची होडी. आता तिथं पूल झालाय आणि गाड्या एका दमात पार होतात. तेव्हा मात्र नदी ओलांडायची तर आधी घसा लागायचा. काठावर उभं राहायचं आणि सगुणला हाक मारायची.

त्या हाकांवर देवकी वाढली. मासळीवाली बेंबीच्या देठापासून ओरडायची, "सगुऽऽण" अशी, की माडावरचे कावळे उडत. भटजींची हाक नाकातून निघायची आणि तिच्या शेपटीला एक खोकला असायचा. पदेर पावाची टोपली डोक्यावर घेऊन उभा राहायचा आणि हाक न मारता घुंगरांची काठी नुसती आपटायचा, जणू सगुणनं समजून घ्यावं. मध्ये नदीत रेतीचा उंचवटा होता आणि ओहोटीला होडी त्यावर चढायची, म्हणून कुणीही हाक मारली की शेवटी खालच्या आवाजात "सांबाळून ये रे" म्हणायचंच. देवाला नमस्कार केल्यावर हात आपोआप छातीला लागतो, तसं ते तोंडातून निघायचं. म्हणणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही.

देवकी हे सगळं दिवसभर कानात साठवायची आणि जेवणाच्या वेळी बाहेर काढायची. भात वाढताना आईला मागं भटजी खोकल्यासारखे वाटायचे. ती पदर सावरून वळायची, तर मागं ही कार्टी. मग पाठीत धपाटा. धपाट्याचा आवाजही देवकीला काढता यायचा.

पण तिची लाडकी हाक होती काबाची. काब म्हणजे पोर्तुगीज पोलिसांचा हवालदार. आमच्या उन्हात भाजून भाजून त्याच्या तोंडाचा टोमॅटो झाला होता, म्हणून गाव त्याला तांबडो काब म्हणायचं. त्याला 'च' यायचा नाही. चोपडे त्याच्या तोंडी 'शोपडें' व्हायचं. सगुणचं नाव तर अर्धं बाहेर पडायचं आणि अर्धं नाकात अडकून बसायचं: "ओ सगूंऽ! आंद! आंद!" आंद म्हणजे चल, हल. त्यातला दुसरा आंद एकदम वर उडायचा, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा. देवकीनं ती हाक गोठ्यात म्हशीसमोर घोटली. म्हैस दचकून उठून उभी राहिली, तेव्हा तिनं ओळखलं की जमलं.

मग तो डिसेंबर आला, एकसष्ट सालचा. भारताचं सैन्य हद्दीवर येऊन बसलंय अशी कुजबुज होती आणि पाखले, म्हणजे गोरे पोर्तुगीज, चुळबुळू लागले होते. नदीपलीकडे सरा आणि अलीकडे एक होडी ठेवू नका, असा हुकूम काबाला आला होता म्हणे. त्यानं काठावरच्या होड्यांना भोकं पाडली. सगुणची तेवढी ठेवली, कारण स्वतःला जायचं होतं. संध्याकाळच्या पहिल्या खेपेत तिघे पोलीस आणि सामान शिवोलीला पोचलं. पुढच्या खेपेत काब जाणार होता. त्याची हाक आली की सगुणनं त्याला न्यायला यायचं, आणि काब पलीकडे उतरला की पोलीस ती होडीही फोडणार होते. सगुणच्या बापानं मरायच्या आधी आपल्या हातानं बांधलेली ती होडी. तिच्याशिवाय त्या घरात चूल पेटवणारं दुसरं काही नव्हतं.

आणि ऐन वेळी काब काठावर नव्हता. नाताळासाठी पोसलेला त्याचा कोंबडा निसटला होता आणि काब काजूच्या बागेत त्याच्या मागं पळत होता.

इथं देवकीआजी नेहमी थांबायची आणि ऐकणाऱ्याकडे बघायची. "पुस्तकातल्या हेरांची योजना असता," ती म्हणायची. "आमचो कोंबडो होतो."

सोळा वर्षांची देवकी वाळत घातलेले कपडे काढायला काठावर आली होती. पलीकडे होडीत मान खाली घालून बसलेला सगुण तिनं पाहिला, बाजूला विड्या ओढणारे पोलीस पाहिले, अलीकडचा मोकळा काठ पाहिला. तिनं कपडे खाली टाकले, खारफुटीच्या झाडांत शिरली आणि हाक मारली. ओ सगूंऽ, आंद, आंद. संध्याकाळी नदीवर आवाज लांब जातो. पलीकडून सगुणची ओ आली, "येतंय गोऽ!", खणखणीत, बावीस वर्षांच्या गड्याची, आणि वल्हं पाण्यात पडलं. पोलीस जागचे हलले नाहीत. काबाची हाक, तिला आडवं कोण जाणार?

देवकी घाबरून घरी पळाली ती चुलीमागं जाऊन बसली. सगुण काठाला लागला, तिथं कुणी नव्हतं, आणि त्यानं होडी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, मागं खारफुटीत घुसवून वर झावळ्या टाकल्या. थोड्या वेळानं खरा काब आला, काखेत कोंबडा. त्यानं हाक मारली. पलीकडचे पोलीस ओरडले की होडी तुझ्याकडेच आलीय. काब ओरडला की नाही आली. ते ओरडले की तूच तर बोलावलीस. नदीवर अंधार पडेपर्यंत ही शोभा चालली, मग पलीकडचे कंटाळून निघून गेले. काबाचा घसा बसला. दुसऱ्या दिवशी तो देवकीच्या आईच्या दारात आला तेव्हा त्याला पाणी मागायलाही आवाज उरला नव्हता. आईनं त्याला पेज दिली. आपले सैनिक त्याला घेऊन गेले, कोंबडा मागं राहिला, आणि तो कापायला घरात कुणाचं मन झालं नाही. तो म्हातारा होऊन मेला.

व्याख्यान संपल्यावर चहाच्या कपासमोर देवकीआजीनं हे सगळं प्रज्योतला आवाजांसकट करून दाखवलं. काबाची हाक ऐकून वाचनालयाचा शिपाई जिन्यातून वर आला. "येतंय गोऽ"ला सगळे हसले. तिथं नेहमीच सगळे हसायचे, कारण ऐंशीला टेकलेल्या बाईच्या तोंडून एकदम तरणा गडी बोलायचा.

प्रज्योतला कथा फारच आवडली. नव्या पुस्तकात घरच्या मातीतलं एक प्रकरण त्याला हवंच होतं. पण बघा हं, तो म्हणाला, दुजोऱ्याशिवाय मी छापत नाही. तिथं होते ते सगुण तारी आज आहेत का?

आहेत, गौरवी म्हणाली, आणि आजीचा चेहरा पडला.

कारण सगुण गेली साठ वर्षं भलतंच सांगत होता. काबानंच हाक मारली, मी गेलो, काब दिसला नाही, मग होडी लपवली. बस. देवकीचं लग्न होऊन ती डिचोलीला आली, खाणीवरच्या काट्यावर वजनं लिहिणाऱ्या कृष्णनाथची बायको झाली, आणि दर गणपतीला, शिमग्याला माहेरी जाताना सगुणच्याच होडीत बसली. दर खेपेला होडीतल्या कुणीतरी ती गोष्ट काढायची, देवकीनं आवाजासकट सांगायची, आणि सगुणनं वल्हं मारता मारता म्हणायचं, "गो बाय, काबाची हाक मी वळखत नाय?" होडी हसायची. देवकीही हसायची, पण आतून चडफडायची. मोठा विचित्र पेच होता तो. हाक इतकी हुबेहूब, की खुद्द सगुण शपथ घेऊन सांगतो काबच होता. मग देवकीनं मारली हे मानणार कोण?

डिचोलीत तर तिचा आवाज बंदच झाला होता. सासूबाई वत्सलाबाई म्हणाल्या होत्या, सुनेनं पुरुषाच्या आवाजात बोललेलं बरं दिसत नाही. देवकी गप्प राहिली, बाहेर खनिजाचे ट्रक बोलत राहिले. घाटीवर भरलेला ट्रक कसा कण्हतो आणि रिकामा कसा खडखडाट करत पळतो, हे तिनं तुळशीवरची तांबडी धूळ पुसता पुसता शिकून घेतलं. एकदा सासूबाई विहिरीवर असताना दारात नको ती पाहुणी आली. देवकीनं आतूनच वत्सलाबाईंच्या आवाजात सांगितलं, "मी निजलंय गो, तापान." पाहुणी गेली. वत्सलाबाई कळशी घेऊन दारात उभ्या, स्वतःचाच आवाज ऐकून दगड झालेल्या. पण पुढच्या वेळी ती पाहुणी फाटकात दिसली, तेव्हा त्यांनीच सुनेला हळूच ढोसलं, "हूं. निजलंय म्हण."

आता वत्सलाबाई नाहीत, कृष्णनाथ नाही, ट्रकही पूर्वीसारखे नाहीत. घरातली लहान पोरं आजीला ट्रक करून दाखव म्हणतात आणि आजी घाटी चढवून दाखवते. पण काबाची गोष्ट आली की मोठी माणसं एकमेकांकडे बघून गालात हसतात, म्हातारीच्या गोष्टीला हसतात तशी. तिला ते दिसत होतं. मरायच्या आधी एकदा तरी सगुणच्या तोंडून ऐकायचं होतं, की हाक तिची होती. आता तर ते पुस्तकात जायचं होतं. सगुण पुन्हा काब म्हणाला असता, तर छापील अक्षरांत ती थापाडी ठरली असती.

रविवारी गौरवीनं गाडी काढली. प्रज्योत पुढं बसला, आजी मागं, काठपदर नेसून, केसांत अबोलीचा वळेसर. शिवोलीहून गाडी पुलावर चढली तशी आजीनं काच खाली केली. खाली नदी तीच होती. पूर्वी जिथं माणसं हाका मारत थांबायची, तिथं आता रंगीबेरंगी कायाक उलट्या घालून ठेवलेल्या होत्या. पूल संपायला एक जांभई पुरली. "पोचलो पण?" आजी म्हणाली, आणि तिला ते काही फारसं आवडलं नाही.

सगुणचं घर काठावरच होतं. सून कोमल पर्यटकांना खोल्या आणि कायाक भाड्यानं द्यायची. सगुण दारापुढच्या सोप्यावर बसला होता, मोतीबिंदूनं डोळे दुधाळ झालेले, आवाजाचं पार वाळकं पान झालेलं. तरी एक परदेशी जोडपं कायाक पाण्यात ढकलत होतं, त्यांच्या दिशेनं तो पुटपुटलाच, "सांबाळून रे."

"कोण गो?" पायरीवर पाय वाजताच त्यानं विचारलं.

"वळख," देवकी म्हणाली.

"डिशोलेचा ट्रक इलो वाटता," सगुण काबाच्या 'श'नं म्हणाला. दोघंही खो खो हसली. प्रज्योतला वाटलं, काम सोपं आहे.

त्यानं फोन रेकॉर्डिंगला लावून मध्ये ठेवला आणि इस्त्रीच्या मराठीत विचारलं, की बघा हं आजोबा, त्या संध्याकाळी आपल्याला जी हाक ऐकू आली, ती कोणाची होती?

"काबाची," सगुण म्हणाला. इतक्या वर्षांच्या सवयीनं, डोळ्याचं पातं न हलवता.

देवकीनं वळेसरातलं सुटलेलं एक फूल काढून मांडीवर ठेवलं. प्रज्योतनं आणखी दोनदा, वेगळ्या शब्दांत विचारलं. उत्तर तेच आलं. मग त्यानं फोन खिशात टाकला आणि आजीकडे वळून अगदी मऊ आवाजात सांगितलं, की हरकत नाही, आपण हे लोककथा म्हणून घेऊ, शेवटच्या पानांत.

लोककथा. तो शब्द देवकीला झोंबला. ती उठली, सोप्याच्या कडेला नदीकडे तोंड करून उभी राहिली. चोपड्याच्या काठावर कित्येक वर्षांनी हाक गेली:

"ओ सगूंऽ! आंद! आंद!"

आवाज थोडा फाटला, पण 'सगूं' नाकात अडकायचं तिथंच अडकलं आणि दुसरा आंद उडायचा तसा उडाला. कायाकमधलं जोडपं वळून बघू लागलं. कोमल पळी हातात घेऊन बाहेर आली.

सगुण मान कलती करून ऐकत होता. "बरोबर," तो म्हणाला. "फकत एक ऱ्हवला."

"काय ऱ्हवला?"

"त्या दिवशी तुया मगे हळूच म्हणाललंस, सांबाळून ये रे."

आपण असं काही म्हणालो होतो, हे देवकीला आजपर्यंत माहीत नव्हतं. तरीवरची सवय. हाक मारली की पाठीला ते येणारच. ते आलं होतं, आणि काबाच्याच आवाजात आलं होतं.

"काबान माका जल्मात कधी सांबाळून ये म्हणाक नाय," सगुण म्हणाला. "तेवा वळाखलंय, हो काब न्हय, चोपड्याचा कोणतरी. आणि असली भूता अंगात येवचा एकच कार्टा होता."

प्रज्योतचा हात घाईघाईनं खिशाकडे गेला. देवकी मात्र उखडली होती. मग साठ वर्षं काबच म्हणून का सांगितलं, म्हणजे हाक फसली होती की काय आपली, असं तिनं धडाधड विचारून घेतलं. सगुणनं शांतपणे एकेक उत्तर दिलं. पहिल्यांदा सांगितलं ते भीतीनं. पाखले परत आले असते तर पोरीला शोधत आले असते. पुढं पाखले आले नाहीत, पण जिभेला वळण पडलं. आणि हाक कशाला फसेल? पलीकडे तीन पोलीस होते, त्यांना फसवायचं होतं, ते फसले. सगुणला फसवायची गरजच नव्हती.

"बघा हं," प्रज्योत म्हणाला, "पण याला आधार काय? म्हणजे तुम्ही तेव्हाच ओळखलं होतं, याला? आज तुम्ही आजींचं मन राखायला म्हणताय, असं कोणी म्हणू शकेल."

सगुण गालात हसला. "आधार तिच्याकडेच आसा," तो म्हणाला आणि देवकीकडे वळला. "माझी ओ मार बगया. मी पलीकडसून काय म्हणालंय?"

देवकी अजून फणकाऱ्यातच होती. तिनं छाती भरून घेतली आणि तोंडातून तो बावीस वर्षांचा गडी निघाला, खणखणीत, पाण्यावरून येणारा:

"येतंय गोऽ!"

आणि ती तिथंच थबकली.

गो. काबाला कुणी गो म्हणत नाही. बाप्यामाणसाला रे, पाखल्याला शिञोर, म्हणजे साहेब, आणि गो फक्त पोरीबाळींना. पलीकडच्या पोलिसांना त्यातला फरक कळायचा प्रश्नच नव्हता. सगुणनं त्यांच्या देखत, त्यांच्या कानावर घालून, खारफुटीतल्या पोरीला सांगितलं होतं की तुला ओळखलंय. आणि ती पोरगी ते शब्द जसेच्या तसे, काना-मात्रेचाही फरक न करता, होडीत, स्वयंपाकघरात, बारशांना, वाचनालयात आयुष्यभर म्हणून दाखवत आली होती. आवाज धरण्याच्या नादात तिनं शब्द कधी ऐकलाच नव्हता.

गौरवी हळूच म्हणाली, "आजी, तू दर वेळी गो म्हणतेस. मला पण कधी कळलं नाही गं."

देवकी सगुणशेजारी बसली. दरवेळी होडीत मी हे म्हणायचे तेव्हा तू का नाही सांगितलंस, असं तिनं विचारलं, पण आता आवाजात भांडण नव्हतं. सगुणनं तिकडे न बघता, नदीच्या बाजूला तोंड ठेवून उत्तर दिलं.

"सांगलंय आसता, तर तू म्हणूचा सोडलं आसतंस. माका आयकाक बरा वाटायचा."

कोमलनं चहा आणि गरम पाव आणले. प्रज्योत लिहीत सुटला होता. प्रकरण कुठल्या पानांत जाणार हे आता त्याला विचारायची कुणालाच आठवण राहिली नाही, देवकीलासुद्धा. बाहेर ओहोटी लागली होती आणि मधला रेतीचा उंचवटा दिसू लागला होता. कायाकवाले त्यावर अडकून बसले होते आणि आपसांत हसत होते.

निघताना देवकीनं पायरी उतरायला काठी टेकली. मागून सगुणची वाळकी हाक आली, "गो."

ती थांबली.

त्यानं घसा खाकरून पाहिला, काहीतरी मोठ्यानं म्हणायचा प्रयत्न केला. नुसती हवा निघाली. त्याचा तो नदीपार जाणारा आवाज कधीच सरला होता. त्यानं हातानंच खूण केली.

"परत एकदा मार," तो म्हणाला. "माझी."

देवकीनं काठी गौरवीच्या हातात दिली, नदीकडे वळली आणि मारली.